आमचा घराचा हप्ता आणि ते २०३५ साल

मी पोळ्या लाटते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, व्याजबिज हे माझं काम नव्हे. घरातला सगळा पैशाचा व्यवहार पहिल्यापासून ह्यांच्याकडे. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून जातो आणि तो १२,९७९ रुपये आहे, कर्जाबद्दल मला दहा वर्षं एवढंच माहीत होतं. आकडा पाठ होता पण तो कधी संपणार हे कधी विचारलंच नाही, धरून चाललेले की २० वर्षांचं कर्ज आहे म्हणजे २० वर्षांनी संपेल.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे राहतो, वन बीएचके आहे. हे सातपूर एमआयडीसीत फिटर होते. मार्च २०१३ मध्ये फ्लॅट घेतला तेव्हा ह्यांना ५१ वं चालू, त्या वयाला २० वर्षांचं कर्ज कोण देणार, मग मुलाला सहकर्जदार घेतलं, तो तेव्हा २३ वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. १७ लाखांचा फ्लॅट, त्यातले ४ लाख आमचे (पीएफमधून काढलेले आणि माझ्या पाटल्या मोडलेल्या) आणि १३ लाख कर्ज, साडेदहा टक्क्यांनी. बँकेचं नाही, हाउसिंग फायनान्स कंपनीचं. बँकेत कागद फार मागत होते आणि इथे बिल्डरच्या माणसानेच सगळं जमवून दिलं. ह्याचा काय फरक पडतो ते तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं.

एप्रिल २०२० मध्ये हे ५८ पूर्ण होऊन रिटायर झाले. लॉकडाऊन होता, निरोप समारंभ नाही, नारळ नाही, फोनवरच कळवलं की उद्यापासून तुम्ही रिटायर. ग्रॅच्युइटी २ लाख १० हजार आली ती मुलीच्या लग्नात गेली. पीएफ आधीच निम्मा काढलेला, उरलेल्याची २ लाख ४० हजारांची एफडी करून ठेवली, अडीनडीला म्हणून. आणि पेन्शन बसली महिना ३,१४० रुपये. हो, तीन हजार एकशे चाळीस. २६ वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाची. ह्यावर लोक म्हणतात अहो पण काहीतरी येतंय ना, त्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

त्याच वेळी ते सहा महिने हप्ता न भरण्याची सवलत आली होती, मोरेटोरियम. मार्च ते ऑगस्ट २०२०. आम्ही घेतली, न घेऊन करणार काय. आम्हाला वाटलं सहा हप्ते पुढे ढकलले, म्हणजे शेवटी सहा महिने जास्त भरायचे, संपलं. तसं नसतं हो. त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच होतं आणि ते पंचावन्न हजारांच्या वर मुद्दलात जाऊन बसलं. नंतर व्याजावरचं व्याज म्हणून सरकारने परत दिले ते अकराशे-बाराशे रुपये. पण हे सगळं मला कळलं २०२३ मध्ये. तोपर्यंत हप्ता तोच १२,९७९, त्यामुळे कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

ह्यांनी रिटायर झाल्यावर एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, ११ हजार मिळायचे, १२ तासांची ड्यूटी. माझे पोळ्यांचे सहा हजार, मुलगा पुण्याहून पाच हजार पाठवायचा, पेन्शन, असं सगळं मिळून पंचवीस हजार. हप्ता जाऊन निम्मे उरायचे, भागायचं, औषधं सोडून.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये हे सोसायटीच्या जिन्यावरून घसरले, गुडघा गेला, नोकरी गेली. त्याच सुमाराला मुलाचं चाकणचं काँट्रॅक्ट संपलं. सप्टेंबरचा हप्ता बाउन्स. ऑक्टोबरचाही बाउन्स. प्रत्येक वेळी ५९० रुपये कंपनीचा दंड आणि आमच्या बँकेने कापले ते वेगळे. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडून पैसे नाहीत म्हणून पैसे घ्यायचे, असा तो प्रकार.

ह्यांनी मला सांगितलंच नाही. फोन आला की उठून गॅलरीत जायचे, गुडघा दुखत असताना. मला वाटायचं जुन्या नोकरीतल्या कुणाचा असेल. कळलं ते मुलाकडून. तो हप्त्याने बाइक घ्यायला गेला आणि त्याला नाही म्हणाले, सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याची नोंद, खराब आहे. त्याने संध्याकाळी फोन केला, आई, घराचा हप्ता भरला नाही का तुम्ही? मी पोळ्या लाटत होते, स्पीकरवर होता फोन. हे समोर बसलेले. ह्यांनी मान खाली घातली ती मुलगा फोनवर पाच मिनिटं बोलत होता तोवर वर केलीच नाही. तव्यावरची पोळी जळली आणि मला आधी राग आला तो पोळीचा, खरं सांगते.

त्या रात्री भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी सकाळी पावणेसातला वसुलीवाल्याचा फोन आला, मी उचलला. काय काकू, घर घ्यायला जमतं, भरायला जमत नाही का, असं म्हणाला. मला उत्तरच सुचलं नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक भाऊ राहतात ते पतसंस्थेत कामाला आहेत, त्यांच्याकडे गेले चहाच्या वेळेला. लाज वाटत होती पण गेले. ते म्हणाले, वहिनी, एक तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना वसुलीचा फोन करायला परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पुढच्या वेळी वेळ लिहून ठेवा आणि त्याला तसं सांगा. आणि दुसरं महत्त्वाचं. ९० दिवस व्हायच्या आत काहीतरी करा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे थकीत कर्जात जमा, मग सरफेसी कायद्याची, म्हणजे तारण ठेवलेलं घर ताब्यात घ्यायच्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते आणि मग घराच्या ताब्याची भाषा सुरू होते. ९० च्या आत तुम्ही ग्राहक आहात, नंतर तुम्ही थकबाकीदार.

ते ऐकून मी दुसऱ्या दिवशी एकटीच ब्रँचला गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं, गुडघा कारण सांगितलं.

काउंटरवर एक मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. मी म्हटलं मला कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट हवंय, पहिल्यापासूनचं, आणि अजून किती हप्ते राहिलेत ते लिहून हवंय. ती म्हणाली काकू अर्जदार कोण आहेत, त्यांना पाठवा. मी ह्यांच्या सहीचं पत्र आणि आधारची झेरॉक्स नेलेली होती (हे वरच्या भाऊंनी सांगितलेलं). मग तिने काढून दिलं, अकरा पानं. मी तिथेच खुर्चीवर बसून वाचायला लागले, चष्मा विसरलेला, पर्समध्ये ह्यांचा जुना सापडला त्याने वाचलं. शेवटच्या पानावर शेवटचा हप्ता ऑगस्ट २०३५.

मी तिला म्हटलं हे चुकलंय, आमचं २०३३ च्या मार्चमध्ये संपतं. ती म्हणाली नाही काकू, बरोबर आहे, रेट वाढले ना.

मग तिने समजावलं, आणि चांगलं समजावलं, तिच्यावर माझा राग नाही. २०२२ च्या मे पासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. आमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं. कंपनीने आमचा दर वाढवत वाढवत सव्वाअकरा टक्क्यांवर नेला. दर वाढला की एक तर हप्ता वाढतो नाहीतर मुदत. हप्ता वाढवला की लोक ओरडतात, म्हणून मुदत वाढवतात, ती कुणाला दिसत नाही. एसएमएस आलेला असेल म्हणे. आला असेलही, ह्यांच्या फोनमध्ये चारशे न वाचलेले मेसेज आहेत.

आणि त्या अकरा पानांत आणखी एक आकडा होता. आम्ही तोवर साडेपंधरा लाखांच्या आसपास भरले होते आणि १३ लाखांतले बाकी होते १० लाख १५ हजार. म्हणजे दहा वर्षांत मुद्दल फिटलं २ लाख ८५ हजार. बाकीचं सगळं व्याज. मी घरी येताना सीबीएसला बस बदलायची ती बदललीच नाही, कुठेतरी पुढेच गेले, मग रिक्षा करावी लागली, ८० रुपये.

आता पुढे काय काय करून बघितलं ते सांगते कारण प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला.

जावई म्हणाले बॅलन्स ट्रान्सफर करा, म्हणजे कर्ज दुसरीकडे हलवा, सरकारी बँकेत दर कमी आहे, आणि बँकांचं ऑक्टोबर २०१९ पासूनचं कर्ज रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेलं असतं, आपोआप कमीजास्त होतं. हाउसिंग कंपन्यांना ते बंधन नाही, त्या स्वतःचा दर स्वतः ठरवतात. हाच तो फरक, जो २०१३ ला बिल्डरच्या माणसाने सांगितला नव्हता. दोन बँकांत गेलो. ह्यांचं वय ६१, उत्पन्न पेन्शन ३,१४०, मुलाचं सिबिल नुकतंच बिघडलेलं. दोन्हीकडे चहा मिळाला, कर्ज नाही.

बहीण म्हणाली रिव्हर्स मॉर्गेज घे, टीव्हीवर सांगतात, साठीनंतर बँकच आपल्याला दर महिन्याला पैसे देते. तेही विचारून आले. घरावर दुसरा बोजा असेल तर मिळत नाही, आधी हे कर्ज फेडा म्हणाले. म्हणजे भूक लागलेल्याला सांगायचं आधी जेवून ये.

मुलगा म्हणाला विका. हे सगळ्यात अवघड होतं कारण त्याचा हिशोब बरोबर होता. २६ लाख आले तरी १० जाऊन १६ उरतात, सीनियर सिटिझन स्कीमला ८.२ टक्के आहे, तिमाहीला बत्तीस-तेहतीस हजार व्याज येईल, त्यात भाड्याने राहा आणि निवांत जगा. मी तो कागद चार दिवस फ्रिजवर लावून ठेवला. हे बघायचे नाहीत. भाड्याच्या घरात दर ११ महिन्यांनी सामान हलवायचं ह्या वयात, आणि घरमालक म्हातारी माणसं बघून नाही म्हणतात हे मी शेजारी पाहिलंय. शिवाय, आता खरं बोलायचं तर, माझ्या पाटल्या आहेत त्या भिंतीत. नाही विकलं. कुणी म्हणेल चुकलं, म्हणू दे, त्या मुद्द्यावर मी अजूनही कधीकधी रात्री हिशोब करते.

तर शेवटी केलं काय. एफडी मोडली. ह्यांना फार जड गेलं, ती एकच पुंजी होती. पण वरच्या भाऊंनी एक वाक्य विचारलं ते ह्यांना पटलं, की साहेब, एफडीवर तुम्हाला ७ टक्के मिळतात आणि कर्जावर तुम्ही सव्वाअकरा देताय, म्हणजे स्वतःचेच पैसे ७ ने ठेवून ११ ने उसने घेताय ना? एफडीतून थकलेले दोन हप्ते आणि दंड भरला. मग दर कमी करायचा अर्ज दिला. हे तर मला माहीतच नव्हतं, की जुन्या गिऱ्हाइकाचा दर चढा असतो आणि नवीन माणसाला कमी, आणि आपण मागितलं की फी घेऊन कमी करून देतात. मागितलं नाही तर नाही. ५,९०० रुपये फी जीएसटीसकट, आणि सव्वाअकराचे ९.६५ झाले. एका अर्जाने! तेवढ्यानेच १८ हप्ते कमी झाले, पाच हजार नऊशे रुपयांत दीड वर्ष.

आणि दीड लाख मुद्दलात भरले. तिथल्या साहेबांनी आधी सांगितलं की पार्ट पेमेंटला चार्ज लागेल. मी म्हटलं फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून चार्ज घेता येत नाही, तुम्ही मला तो नियम लेखी द्या ज्यात घेता येतो. आवाज कापत होता माझा. ते आत गेले, आले, म्हणाले नाही लागणार. नंतर कळलं की हाउसिंग कंपन्यांची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर करता येते, तेव्हा माहीत असतं तर आवाज कमी कापला असता.

मग त्यांनी विचारलं हप्ता कमी करू की मुदत. यूट्यूबवर सगळे ओरडून सांगतात मुदत कमी करा, व्याज वाचतं. वाचतंच. पण त्या लोकांना दर महिन्याला पगार येतो. आमचा प्रश्न व्याज वाचवायचा नव्हता, पुढच्या ५ तारखेचा होता. मी हप्ता कमी करा म्हटलं. १२,९७९ चे ११,०६१ झाले. शेवटचा हप्ता फेब्रुवारी २०३४. साहेब म्हणाले मॅडम यात तुमचं नुकसान आहे. मी म्हटलं हो, माहीत आहे.

हे सगळं चालू असताना आणखी एक गोष्ट सापडली फाइलमध्ये. कर्जाबरोबर विमा काढलेला होता, हप्ता एकरकमी कर्जातच टाकलेला, आम्हाला वाटायचं ह्यांना काही झालं तर कर्ज माफ. तो विमा १० वर्षांचाच होता, मार्च २०२३ मध्ये संपला. आता ६१ व्या वर्षी नवीन परवडत नाही. बँकेचा ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा पन्नाशीपर्यंतच घेता येतो. २० रुपयांचा अपघाताचा तेवढा ७० पर्यंत मिळतो, तो दोघांचा काढला. तुमच्याकडे असा कर्जाबरोबरचा विमा असेल तर त्याची शेवटची तारीख आजच बघा, कर्जाची नाही, विम्याची.

हप्ता कमी झाला तरी पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होताच. ह्यांना एका गोडाऊनच्या गेटवर बसून वही लिहायचं काम मिळालं, ८ हजार. मुलाकडून मी घेणं बंद केलं, त्याचं त्याला सावरू दे. आणि आम्ही बेडरूम भाड्याने दिली. जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या दोन मुली, प्रत्येकी २,८००, पोळीभाजीचे वेगळे. आम्ही दोघं हॉलमध्ये. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाक मुरडलं, वन बीएचकेत पेइंग गेस्ट कसले ठेवताय म्हणाले, पोलीस स्टेशनला भाडेकरूंची माहिती दिलेली पावती दाखवली तेव्हा गप्प बसले. पहिले दोन महिने हे रात्री बाथरूमला जाताना शर्ट घालून जायचे. आता त्या मुली ह्यांचा बीपी बघतात आणि ह्यांना रागावतात, मीठ कमी खा म्हणून, माझं ऐकत नाहीत त्यांचं ऐकतात.

फराळाचे पैसे मी आता वेगळे ठेवते. दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये २० हजार नेऊन मुद्दलात भरायचे, २०२४ ला भरले, २०२५ ला भरले. चकली आणि अनारसे सरळ कर्जात जातात असं हे म्हणतात.

२०२५ मध्ये पेपरात सारखं यायचं रेपो कमी झाला, कमी झाला. वर्षभरात साडेसहावरून सव्वापाचवर आला, सव्वा टक्का. आमचा दर तिथेच. वाढताना एकेका बैठकीला वाढला होता बरं का. डिसेंबरमध्ये परत गेले, ह्या वेळी हे पण आले काठी घेऊन. कंपनी म्हणाली आमचं रेपोला लिंक नाही. मी म्हटलं ठीक आहे, नसू दे, मग आजच्या नवीन गिऱ्हाइकाला काय दर देताय तो सांगा. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ९.१० केला, परत फी घेऊन. आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर तिमाहीला स्टेटमेंट मिळायला हवं, किती मुद्दल गेलं किती व्याज गेलं आणि किती हप्ते राहिले ते, तेही कागदावर मागून घेतलं, ॲपवर आहे म्हणाले तरी.

हप्ता तोच ठेवला, ११,०६१. नवीन कागदावर बाकी ७ लाख १० हजारांच्या जवळपास आणि शेवटची ओळ एप्रिल २०३३, शेवटचा हप्ता तर अर्ध्याहून कमीच. पहिलं ठरलं होतं मार्च २०३३. एवढं सगळं करून आम्ही जिथे होतो तिथे आलो, एक महिना मागे.

बसमध्ये ह्यांनी तो कागद तीनदा वाचला. म्हणाले मी तेव्हा एकाहत्तरचा असेन. मी म्हटलं त्या वर्षी कागदपत्रं आणायला तुम्हालाच पाठवणार, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद द्यावे लागतात, उशीर केला तर दिवसाला ५ हजार रुपये त्यांनी आपल्याला द्यायचे. ह्यावर हे खूप दिवसांनी हसले, म्हणाले मग उशीर करू दे की.

उद्या ५ तारीख आहे. खात्यात ११,२०० आहेत, मी आत्ताच बघितले.